अक्षरजुळणीचा सरंजाम आणि ग्रंथकर्त्याचा अखत्यार

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली स्वीकारून तिच्यावर आपला प्रबंध, पाठ्यपुस्तक अथवा ग्रंथ सिद्ध करू पाहणाऱ्या लेखकाला आरंभीच एक निवड करावी लागते. परंतु ती एका ओळीच्या आज्ञेने आणि थोड्याशा प्रतीक्षेने इतकी बिनबोभाट उरकते की, आपण काही निवडले आणि जे निवडले त्याचा अंमल पुढे कित्येक वर्षे आपल्या ग्रंथावर चालणार आहे, याची जाणीव त्याला बहुधा होतच नाही. टेक् आणि तिच्या पायावर उभी असलेली लाटेक् या अक्षरजुळणीच्या आज्ञावल्यांचा सगळा सरंजाम, म्हणजे त्यांची यंत्रे, फाँट, शब्दच्छेदाचे नियम आणि सहस्रावधी साहाय्यक पॅकेजे, ज्या एकत्रित रूपाने आपल्यापर्यंत पोहोचतो त्याला वितरण म्हणतात. आणि हे वितरण आपल्या लिनक्सच्या भांडारातून घ्यावे की ते ज्यांनी मुळात सिद्ध केले त्या टेक् वापरकर्त्यांच्या संघटनांकडून थेट घ्यावे, हा तो प्रश्न होय. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. ज्याला ग्रंथ करावयाचा आहे त्याने ते मुळातून घ्यावे, स्वतःच्या अखत्यारात ठेवावे, आणि ते कोणत्या वर्षाचे आहे हे ग्रंथाइतक्याच काळजीने जपावे. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांत प्रबंध लिहिणारी आपली मुलेमुली आज याच आज्ञावलीवर लिहीत आहेत, आणि मराठी ग्रंथांनाही तिचे दार आता पुरते उघडलेले आहे. म्हणून हा मामला केवळ संगणकशास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

या आज्ञावलीचा जन्मच मुळी पानाच्या रूपाविषयीच्या असमाधानातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती १९७७ साली त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली, तेव्हा शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या जुन्या आवृत्तीतील गणिती सूत्रांना जी शोभा होती ती नव्या छायाजुळणीत नाहीशी झालेली पाहून त्यांनी आपले लेखनकार्य बाजूला ठेवले आणि अक्षरजुळणीचेच शास्त्र हाती घेतले. अल्पावधीत आटोपेल असे वाटलेले ते काम सुमारे एक तप चालले. १९८२ मध्ये आज्ञावली नव्याने लिहिली गेली, आणि १९९० मध्ये कनूथांनी जाहीर केले की, यापुढे तिच्यात कोणतीही नवी सोय घालावयाची नाही, दोष आढळल्यास तेवढे दुरुस्त करावयाचे, आणि अशा दुरुस्तीबरोबर तिचा आवृत्तिक्रमांक वर्तुळाचा परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या, म्हणजे ‘पाय’च्या, एकेका दशांशस्थळाने पुढे सरकवावयाचा. २०२१च्या दुरुस्तीनंतर तो क्रमांक ३.१४१५९२६५३ असा झाला. आपल्या मृत्यूनंतर तो साक्षात ‘पाय’ करावा आणि तेथून पुढे उरलेल्या दोषांनाही आज्ञावलीचे गुणच मानावे, अशी त्यांची इच्छा नोंदलेली आहे. ज्या क्षेत्रात दर दोन-तीन वर्षांनी कालचे सर्वस्व मोडीत काढले जाते, तेथे एका माणसाने आपल्या कृतीला असे स्थैर्याचे वचन द्यावे आणि ते तीन दशकांहून अधिक काळ पाळले जावे, ही गोष्ट मला विलक्षण आदरणीय वाटते.

परंतु हे वचन गाभ्याचे आहे, परिसराचे नव्हे. केवळ मूळ टेक्वर लिहिणारा लेखक आज विरळा. बहुतेकजण लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात रचलेल्या लाटेक्चा आश्रय करतात, आणि लाटेक्च्या भोवती तक्त्यांसाठी, संदर्भसूचीसाठी, आकृत्यांसाठी, निरनिराळ्या भाषांसाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पॅकेजांचे जे विस्तीर्ण दप्तर सी-टॅन या सार्वजनिक संग्रहात साठलेले आहे, ते दप्तर सतत हलते राहते. खुद्द लाटेक्चा गाभाही आता पूर्वीसारखा स्तब्ध नाही. २०१८ पासून युनिकोडमधील यूटीएफ-८ ही संकेतपद्धती तिने मूलभूत मानली, २०२० मध्ये तिच्या अंतरंगात नव्या पद्धतीचा मोठा भाग कायमचा सामावून घेतला गेला, आणि त्यानंतर तिच्या सुधारणा वर्षातून साधारण दोन वेळा प्रसिद्ध होत आल्या आहेत. या सुधारणा चांगल्याच आहेत. त्यांच्यावाचून मराठीचा निभाव लागला नसता. तरीही त्यांचा परिणाम असा की, आज सुरळीत जुळलेले पान दोन वर्षांनी, एक अक्षरही न बदलता, वेगळे जुळू शकते अथवा मुळीच जुळत नाही. म्हणूनच यंत्र कोणते यापेक्षा त्याच्याभोवतीचा सरंजाम कोणत्या दिवसाचा आहे, हा प्रश्न ग्रंथकर्त्याला अधिक महत्त्वाचा ठरतो.

लिनक्सवर या सरंजामाची व्यवस्था प्रथम एका व्यक्तीच्या खांद्यावर होती. जर्मनीतील टोमास एसर यांनी टेटेक् नावाचे वितरण १९९०च्या दशकात उभे केले आणि ते जवळजवळ एकहाती चालवले. लिनक्सच्या बहुतेक सर्व शाखांनी त्यालाच प्रमाण मानले होते. २००६ मध्ये त्यांनी ते काम थांबवत असल्याचे जाहीर केले आणि वापरकर्त्यांना टेक् लाइव्हकडे जाण्याचा सल्ला दिला. टेक् लाइव्हचा आरंभ १९९६ मधला. निरनिराळ्या देशांतील टेक् संघटनांनी एकत्र येऊन चालवलेला तो उपक्रम आजही स्वयंसेवकांच्याच बळावर चालतो, आणि दरवर्षी एक या शिरस्त्याने त्याची नवी आवृत्ती निघते. वर्षभर तिच्यात सुधारणांची भर पडत जाते. पुढच्या वर्षाची आवृत्ती निघण्याच्या सुमारास जुनी गोठवली जाते, आणि ती गोठलेली प्रत ऐतिहासिक संग्रहात जशीच्या तशी जतन केली जाते. आपल्या देशाचाही या चळवळीशी जुना संबंध आहे: तिरुवनंतपुरम येथे १९९८ मध्ये भारतीय टेक् वापरकर्त्यांची संघटना स्थापन झाली आणि २००२ साली जागतिक संघटनेचे वार्षिक संमेलनही तेथेच भरले.

आता लिनक्सच्या भांडाराकडे वळू. डेबियनसारखी प्रतिष्ठित शाखा टेक् लाइव्हचा तोच सरंजाम घेते, तो आपल्या पद्धतीने विभागते, त्याच्या परवान्यांची छाननी करते, आणि मग आपल्या स्थिर आवृत्तीत बसवते. या छाननीचे मोल मी कमी लेखत नाही. लाटेक्चा परवाना मुक्ततेच्या कसोटीला पुरेपूर उतरावा म्हणून त्याच्या १.३ या आवृत्तीचा मसुदा डेबियनच्या कायदेविषयक मंडळींशी विचारविनिमय करूनच पक्का झाला, हे त्या शाखेचे कायमचे ऋण आहे. परंतु डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, आणि निघण्यापूर्वी कित्येक महिने तिच्यातील फेरफार बंद झालेले असतात. २०२३च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा क्रमांकाच्या डेबियनमध्ये म्हणून २०२२चे टेक् लाइव्ह होते. एप्रिल २०२२ मधील दीर्घ मुदतीच्या उबुंटूत २०२१चे, आणि एप्रिल २०२४ मधील उबुंटूत २०२३चे. उबुंटूच्या अशा आवृत्तीचा आधार पाच वर्षांचा असतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने २०२२ मध्ये संगणक सिद्ध केला आणि २०२६ मध्ये प्रबंध सादर केला, तो अखेरपर्यंत २०२१च्याच सरंजामावर लिहीत राहिला. आणि याच्या नेमकी उलट आपत्तीही संभवते: प्रबंधाच्या ऐन भरात कोणी संगणकाची प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली, की त्या एका हुकुमासरशी अक्षरजुळणीचा सरंजामही दोन वर्षांनी पुढे उडी घेतो आणि काल जुळत असलेली पाने आज तक्रारी करू लागतात. पहिल्या प्रसंगी लेखकाला नवे हवे असून मिळत नाही, दुसऱ्या प्रसंगी नको असून पदरात पडते. दोन्ही प्रसंगी निर्णय झाला तो संगणकाच्या कारभाराच्या सोयीने, आणि ग्रंथाची गरज त्यात कोणी विचारलीच नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला दोन-तीन वर्षांचा हा विलंब बहुधा जाणवत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला तो जाणवतो, कारण देवनागरीची खरी सोय या आज्ञावल्यांत पुष्कळ उशिरा आली. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी देवनागरीसाठी एक व्यवस्था केली; तिच्यात रोमन लिपीत ठराविक संकेतांनी लिहावयाचे, तो मजकूर आधी एका वेगळ्या आज्ञावलीतून काढावयाचा आणि मग टेक्कडे द्यावयाचा, असा द्राविडी प्राणायाम होता. संस्कृतच्या पाश्चात्त्य अभ्यासकांना ती उपकारक ठरली, परंतु मराठी लेखकाने आपली कादंबरी अथवा इतिहासग्रंथ त्या मार्गाने लिहावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये झीटेक् हे यंत्र प्रथम मॅकिंटॉशसाठी केले आणि २००६ मध्ये ते लिनक्सवर आले; त्याने युनिकोडमधील देवनागरी मजकूर थेट घेऊन ओपनटाइप फाँटांतील जोडाक्षरे यथास्थित जुळवली, आणि तेव्हा प्रथम मराठी लेखक आपल्याच लिपीत लिहू लागला. लुआटेक् हे दुसरे यंत्र अनेक बाबतींत अधिक समर्थ. पण भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांत ते बराच काळ अडखळत असे, आणि ही अडचण २०२०च्या टेक् लाइव्हमध्ये हार्फबझ ही अक्षररचनेची प्रणाली त्याच्याशी जोडली गेली तेव्हा दूर झाली. बेबेल आणि पॉलिग्लॉसिया या बहुभाषिक पॅकेजांतील मराठीचा भागही याच अलीकडच्या काळात सुधारत गेला. मराठीसाठीच लिहिलेले एक स्वतंत्र पॅकेज सी-टॅनवर आले. आणि मराठी शब्दच्छेदाचे नियम आज वितरणाच्या पोटातच असतात.

हे तपशील क्षुल्लक वाटतील, पण छापील मराठीचे सौष्ठव अशाच तपशिलांत असते. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्धा र हा आपल्या भाषेचा विशेष. तो रफारात रूपांतरित झाला तर शब्दाचा उच्चारच भ्रष्ट होतो. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही आपली वळणे, जी महाराष्ट्र शासनाच्या २०२२च्या शासननिर्णयाने लेखनासाठी पुन्हा अधोरेखित केली, ती फाँटात असली तरी मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगितल्याशिवाय पुष्कळदा पानावर उमटत नाहीत आणि हिंदी वळणेच छापली जातात. भाषेची ही खूण ओळखून योग्य रूप काढणे हे यंत्र, पॅकेज आणि फाँट या तिघांच्या सहकार्याचे काम आहे. त्यांपैकी एक जरी जुना राहिला तरी साखळी तुटते. ज्या भाषेच्या सोयी तीस वर्षांपूर्वीच परिपूर्ण झाल्या तिच्या लेखकाने जुन्या वितरणावर समाधान मानावे. ज्या भाषेच्या सोयी आपल्या डोळ्यांदेखत घडत आहेत तिच्या लेखकाला त्या सोयी ज्या वर्षी घडल्या त्याच वर्षी हाती याव्यात, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या बाजूची कैफियत दुबळी नाही, आणि ती नीट ऐकली पाहिजे. भांडारातील सरंजाम प्रणालीच्या इतर कारभाराशी एकजीव असतो. तो काढणे, घालणे, अद्ययावत ठेवणे हे सारे एकाच आज्ञेखाली चालते. सुरक्षिततेचा मुद्दा तर अधिकच गंभीर. २०२३ मध्ये लुआटेक्मध्ये असा एक दोष उघडकीस आला की, कोणा अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल जुळवावयास घेतली असता, बाहेरच्या आज्ञा चालवण्याची मुभा लेखकाने दिलेली नसतानाही, ती त्याच्या संगणकावर वाटेल ती आज्ञा चालवू शकत असे. मूळ संघटनेने १.१७ या आवृत्तीत तो दूर केला. डेबियननेही आपल्या जुन्या स्थिर आवृत्तीत तीच दुरुस्ती उतरवून दिली. मुळातून घेतलेले, गोठवलेले जुने वर्ष मात्र त्या दोषासह तसेच राहते, कारण गोठवणे याचा अर्थच तो. शिवाय ज्या महाविद्यालयात एका प्रयोगशाळेत अनेक यंत्रे आहेत आणि ती सांभाळणारा माणूस एकच आहे, तेथे प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र सरंजाम बसवण्याचा आग्रह धरणे म्हणजे त्या माणसावर अन्याय होय. अशा सामाईक यंत्रांवर, शिकवण्यासाठी, पत्रे आणि प्रश्नपत्रिका जुळवण्यासाठी, भांडारातील वितरणच योग्य, हे मी विनासंकोच मान्य करतो. ग्रंथाची गोष्ट वेगळी. आणि परक्याच्या फाइली न जुळवणाऱ्या लेखकाला, केवळ स्वतःच्या ग्रंथापुरते जपलेले जुने वर्ष वापरण्यात तितका धोका नाही.

निषिद्ध मानावा असा मार्ग तिसराच आहे, आणि दुर्दैवाने तोच पुष्कळजण पत्करतात. भांडारातील वितरण घ्यावयाचे, त्यात एखादे पॅकेज जुने आढळले की तेवढेच सी-टॅनवरून उतरवून आपल्या खासगी फोल्डरात ठेवावयाचे, आणि असे करत करत दोन काळांचा सरंजाम एकत्र नांदवावयाचा. संदर्भसूचीचे बिबलाटेक् हे पॅकेज आणि तिची मांडणी करणारी बिबर ही आज्ञावली यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळलेल्या असाव्या लागतात. एक नवी आणि एक जुनी झाली की बिबर काम करण्यास साफ नकार देते आणि सगळी सूची पानावरून अदृश्य होते. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री या संकटात सापडलेला विद्यार्थी दोष आज्ञावलीला देतो, पण खरा दोष दोन दप्तरे एका कपाटात कोंबण्याच्या त्या सवयीचा असतो. ठेवावयाचे तर एकच वितरण ठेवावे: एक तर सर्वस्वी भांडारातले, नाही तर सर्वस्वी मुळातले.

मुळातून घेण्याची रीत वाटते तितकी कठीण नाही. संघटनेची स्थापक आज्ञावली उतरवून चालवली की ती काही प्रश्न विचारते. प्रणालीचे सर्वाधिकार हाती नसले तरी स्वतःच्या गृहफोल्डरात सरंजाम बसवता येतो. तो वर्षाच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरात बसतो, त्यामुळे २०२३ आणि २०२५ ही दोन वर्षे एकाच यंत्रावर भांडण न करता राहू शकतात, आणि यंत्राने कोणत्या वर्षाकडे पाहावे हे लेखक ठरवतो. संपूर्ण संच सुमारे आठ गिगाबाइट जागा व्यापतो. हस्तपुस्तिका आणि मूळ संहिता वगळण्याचा पर्याय निवडल्यास तो पुष्कळ आटोपशीर होतो. ज्यांची इंटरनेटची सोय तुटपुंजी आहे अशा ठिकाणी एकाने संपूर्ण वितरणाची आयएसओ प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर घालावी आणि ती गावभर फिरवावी. या मुक्त सरंजामाच्या प्रती वाटण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. दोन गोष्टींची तजवीज मात्र आपल्यालाच करावी लागते. एक म्हणजे, वितरणाच्या पोटातील फाँट झीटेक्ला नावाने सापडावेत म्हणून त्या फोल्डराची नोंद लिनक्सच्या फाँटव्यवस्थेत करावी लागते. ती न केल्यास फाँट हजर असूनही सापडत नाही आणि नवखा लेखक गोंधळतो. दुसरी म्हणजे, डेबियनवर लिहिण्याच्या काही आज्ञावल्या भांडारातल्या टेक् लाइव्हची अट घालतात. ती अट पुरी झाल्याची एक नाममात्र पावती, इक्विव्ह्ज नावाच्या साधनाने, प्रणालीला दाखवावी लागते.

अन्य पर्यायांविषयी थोडक्यात. फेडोराने टेक्चा एकेक घटक वेगळे पॅकेज केला आहे, त्यामुळे हवे तेवढेच घेता येते, पण यादी प्रचंड होते. आर्चमधील सरंजाम पुष्कळ ताजा असतो, परंतु तो आपल्या इच्छेने थांबवता येत नाही, आणि ग्रंथासाठी थांबवता येणे हेच तर हवे आहे. मिकटेक् हे मूळचे विंडोजवरचे वितरण आता लिनक्सवरही मिळते आणि लागेल ते पॅकेज लागेल तेव्हा स्वतःच आणते. ही सोय नवख्याला मोहवते, पण कोणत्या दिवशी काय आले याची जाण त्यात हरवते. टेक्टॉनिक हे झीटेक्वर आधारलेले स्वयंपूर्ण यंत्र; त्याचा विचार चांगला आहे, पण व्याप लहान. ओव्हरलीफसारख्या इंटरनेटवरील सेवेत सहलेखकांबरोबर लिहिणे सुखाचे होते आणि टेक् लाइव्हचे वर्ष निवडण्याची मुभाही तेथे असते. तथापि ज्याचे ग्रंथालय परक्याच्या वाड्यात आहे त्याने किल्लीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे मूळ फाइली आणि त्या जुळवू शकणारे वितरण आपल्या यंत्रावरही असावे.

ग्रंथ हाती घेताना वर्ष ठरवावे, ते ग्रंथाच्या पहिल्या फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवावे, आणि ग्रंथ छापून होईपर्यंत ते बदलू नये, ही माझी सूचना फाँटांनाही लागू आहे. किंबहुना त्यांना विशेषच. लिनक्सच्या भांडारातील देवनागरी फाँट अद्ययावत झाला आणि त्यातील एखाद्या जोडाक्षराची रुंदी केसभर बदलली, तरी परिच्छेदाच्या ओळी वेगळ्या तुटतात, पाने सरकतात, आणि हाताने तपासलेली विषयसूची चुकीची ठरते. म्हणून मुंबईच्या आयआयटीत घडलेला शोभिका असो, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँटसंस्थेचा ‘मुक्त’ असो, अथवा अन्य कोणता असो, ज्यावर ग्रंथ जुळवला त्या फाँटची फाइलच ग्रंथाच्या फोल्डरात ठेवावी आणि तिला नावाऐवजी फाइलीच्या पत्त्याने बोलवावे. या दोघांचेही परवाने असे ठेवून घेण्यास पूर्ण मुभा देतात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तेव्हा अक्षरे ओतण्याचे काम त्यांच्या हाती आधीपासूनच होते. ज्याचे खिळे त्याचे पान, हे त्यांना कळले होते, आणि त्यांच्या छापखान्यातील संस्कृत ग्रंथांच्या पानांना पिढ्यान्‌पिढ्या जी एकच ओळख राहिली तिचे कारण तेथे शोधावे लागते.

याच्या उलट आपल्या मराठी प्रकाशनव्यवहारात गेल्या तीसेक वर्षांत काय घडले, ते पाहावे. असंख्य पुस्तके युनिकोडपूर्व फाँटसंकेतांवर, त्या त्या काळच्या व्यापारी आज्ञावल्यांत जुळवली गेली. त्यांतील मजकूर त्या फाँटावाचून निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दुसरी आवृत्ती काढावयाची तर एक तर रूपांतराच्या आज्ञावलीने बिघडलेला मजकूर मुळापासून तपासावा लागतो किंवा सारे पुस्तक पुन्हा टंकलिखित करावे लागते. तेव्हाच्या प्रकाशकांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. तो आज आहे. लाटेक्ची मूळ फाइल म्हणजे युनिकोडमधला साधा, उघडा, कोणत्याही यंत्रावर वाचता येणारा मजकूर असतो. तो जुळवणाऱ्या सरंजामाचे वर्ष जपले तर पानही परत मिळते, आणि न जपले तरी निदान मजकूर तरी हरवत नाही.

संशोधननिबंधांचा अर्काइव्ह हा आंतरराष्ट्रीय संग्रह लेखकांकडून लाटेक्ची मूळ फाइल घेतो, आणि जुने निबंध ज्या काळात सादर झाले त्या काळचा टेक् सरंजाम त्यांच्यासाठी राखून ठेवतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करण्याचा दंडक आहे, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या संग्रहात त्या प्रती साठत आहेत. परंतु साठतात त्या छपाईसिद्ध पीडीएफ प्रती. समास किती सोडावा, कागद कोणता असावा, बांधणीचा रंग कोणता असावा, याविषयी आपली विद्यापीठे जितकी काटेकोर असतात तितकीच त्यांनी मूळ फाइलीविषयी व्हावे, असे मला वाटते. विद्यार्थ्याने लाटेक्वर प्रबंध केला असेल तर त्याच्याकडून मूळ फाइली, त्यात वापरलेले मुक्त फाँट आणि टेक् लाइव्हचे वर्ष या तीन गोष्टी पीडीएफबरोबरच दाखल करून घ्याव्यात. याला नवा खर्च नाही आणि नवे खातेही नको. लाटेक्मध्ये लिस्टफाइल्स ही एक आज्ञा दिली की जुळणीच्या नोंदीच्या अखेरीस वापरलेल्या पॅकेजांची यादी तारखा आणि आवृत्त्यांसह आपोआप छापली जाते. ती यादी प्रबंधाच्या परिशिष्टाला जोडण्याचा नियम एखाद्या विद्यापीठाच्या पुढच्याच परिपत्रकात घालता येईल.